पडीक जमिनीचा इतिहास

इतिहासाच्या साधनांत कागदाचें स्थान सर्वांत वरचें, हें कोणास नव्यानें सांगावयास नको. परंतु कोणताही कागद कोणासाठीं तरी लिहिलेला असतो, आणि ज्याच्यासाठीं तो लिहिला गेला त्याच्याच डोळ्यांनीं तो जमिनीकडे पाहतो, ही गोष्ट वर्गांत जितकी आवर्जून सांगितली जाते तितकी ग्रंथांत पाळली जात नाहीं. आमच्या उपनगरांच्या मधोमध जो डोंगराळ व अरण्यमय मुलूख आहे, त्याच्या इतिहासाकडे या दृष्टीनें पाहावें असें आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत होतें. पश्चिमेस गोरेगांव, मालाड, बोरीवली. पूर्वेस पवई, भांडुप, मुलुंड. आणि मध्यें हें रान. त्याच्या उत्तरेकडील मोठ्या भागास आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात, दक्षिणेकडील भागास आरे. या मुलुखासंबंधीं लेखी पुरावा कमी नाहीं; उलट दोन हजार वर्षांचा आहे. मात्र तो वाचीत जावा तसतसें ध्यानांत येतें कीं हे सर्व लेख जमीन देणाऱ्यांचे आणि घेणाऱ्यांचे आहेत. जो त्या जमिनीवर राहत होता त्याचा त्यांत पत्ता नाहीं. आणि अलीकडल्या दोन शतकांत तर त्याच्या जागीं एकच शब्द पुनःपुन्हां भेटतो. तो शब्द म्हणजे 'पडीक'.

आरंभ अर्थातच कान्हेरीपासून करावा लागतो. काळ्या पाषाणांत कोरलेलीं शंभरांहून अधिक लेणीं एका डोंगरावर आहेत आणि इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारापासून निदान हजार वर्षें तीं नांदतीं होतीं. लेखांत या डोंगरास 'कण्हसेल', 'कण्हगिरि' म्हटलें आहे, संस्कृतांत कृष्णगिरि. मोठें चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णि याच्या काळचें. दात्यांत सोपारें, कल्याण, चौल येथील व्यापारी आहेत, सोनार आहेत, लोहार आहेत, भिक्षुणीही आहेत. कोणी लेणें कोरविलें, कोणी पाण्याची पोढी खोदविली, कोणी भिक्षूंच्या चीवरांसाठीं अक्षयनीवि ठेवली. नवव्या शतकांत राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या अमलाखालीं गौड देशाहून आलेल्या अविघ्नाकर नांवाच्या उपासकानें द्रम्म ठेव म्हणून ठेवले. अकराव्या शतकाच्या आरंभीं इराणी वंशाचे कांहीं प्रवासी येऊन पहलवी लिपींत आपलीं नांवें कोरून गेले. बोरीवलीजवळचें मागाठाणें हें नांवही या लेखांत जुन्या रूपांत आढळतें. तेथील शेत संघास दिल्याची नोंद आहे.

इतक्या दूरदूरच्या माणसांचीं नांवें त्या खडकावर आहेत. परंतु हजार वर्षें त्या भिक्षुसंघास लांकूडफांटा कोणी पुरविला, पावसाळ्यांत निसरड्या वाटा कोण दाखवी, कोणत्या कंदानें पोट भरतें व कोणत्यानें घसा सुजतो हें परदेशच्या भिक्षूस कोणी शिकविलें, याविषयीं पाषाण मुका आहे. ते वारलीच होते असें प्रतिपादन करण्याचा मोह आम्ही टाळतों. जमातींचीं नांवें कालांतरानें बदलतात व माणसें स्थलांतर करतात. पण रान निर्मनुष्य होतें व भिक्षूंनींच तें प्रथम वसविलें, असें मानावयास तर मुळींच आधार नाहीं.

पुढील शतकांचा मजकूर थोडक्यांत आटोपतां येईल. महिकावतीची बखर, जी कै. राजवाडे यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केली, ती बिंब राजानें बाहेरून कुळें आणून हा प्रांत वसविल्याची कथा सांगते. वसविणें या क्रियापदांत आधीं तेथें कोणी नव्हतें असें गृहीत असतें. बखरकारास अभिप्रेत असलेले 'कोणी' म्हणजे वतनें व गोत्रें असणारे लोक. १५३४ सालीं वसई व तिच्या आसपासचा मुलूख गुजराथच्या बहादुरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेला; मंडपेश्वराच्या लेण्यावर ख्रिस्ती मठ उभा राहिला. १७३७ सालीं मराठ्यांनीं साष्टी घेतली, १७३९ त वसई घेतली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाणें व साष्टी बळकाविली व १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांच्याकडे कायम झाली. या सर्व उलाढालींत किल्ले, खाड्या आणि भातखाचरें यांना किंमत होती. डोंगरांतील रान कोणाच्या हातीं गेलें, हें रानांतल्या माणसास बहुधा कळलेंही नसावें.

तें कळण्याची वेळ कंपनी सरकारच्या अमदानींत आली. साष्टींतील गांवेंच्या गांवें खासगी गृहस्थांस इजाऱ्यानें अथवा खोतीनें देण्याचें धोरण सरकारनें स्वीकारलें. लागवड वाढावी, रस्ते व विहिरी व्हाव्या, हा हेतु होता. पवईची इस्टेट प्रथम १७९९ त एका इंग्रज डॉक्टरकडे होती; १८२९ सालीं ती फ्रामजी कावसजी बनाजी यांस मिळाली. फ्रामजी हे उद्योगी व उदार गृहस्थ. त्यांनीं तेथें ऊंस लावला, तुतीची लागवड करून रेशमाचा प्रयोग केला. त्यांचा गौरव करण्यास आम्ही मागें राहणार नाहीं. पण अशा इजाऱ्यांत लागवडीची जमीन व पडीक जमीन असे दोन भाग असत. लागवडीच्या जमिनीस कूळ असे, पडीकास कोणीच नसे. आणि वारली, कातकरी, मल्हार कोळी हे ज्या उतारावर दळी करीत, म्हणजे झाडांच्या फांद्या तोडून, वाळवून, जाळून त्या राखेंत नाचणी-वरी पेरीत व दोन-तीन वर्षांनीं ती जागा रानास परत देऊन दुसरीकडे सरकत, ती सर्व जमीन हिशेबाच्या भाषेंत पडीक ठरली. एका वर्षीं पेरलेली व पुढील दहा वर्षें विसाव्यास सोडलेली जमीन पाहणीदार ज्या दिवशीं येईल त्या दिवशीं पडीकच दिसणार! विसांवा आणि ओसाडपणा यांतला भेद कळण्यास एका हंगामाची भेट पुरत नाहीं.

त्यानंतर मुंबईस तहान लागली. १८५४ च्या टंचाईनें शहर हवालदिल झालें आणि हेन्री कॉनिबेअर यांच्या योजनेप्रमाणें १८६० सालीं विहारचा तलाव पुरा झाला. १८७९ त तुळशीचा झाला. विहार व तुळशी हीं मूळचीं गांवांचीं नांवें. आज मुंबईकरांस तीं केवळ तलावांचीं म्हणून ठाऊक आहेत. नळाचें पाणी शुद्ध राहावें तर पाणलोटांत वस्ती व गुरें नकोत, हें ओघानेंच आलें. तेवढ्यांत १८७८ चा जंगलचा कायदा आला. ठाणें जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं राबासाठीं, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठीं, लागणाऱ्या फांद्यांवरून केवढा गिल्ला केला आणि त्याची चौकशी करण्यास सरकारास जंगल-कमिशन कसें नेमावें लागलें, तें त्या कमिशनच्या १८८७ च्या अहवालावरून दिसतें. गांवकऱ्यास निदान अर्ज करण्यास वकील मिळे. दळीवाल्याचा कैवार घेणारा विरळा. १८९२ सालीं ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांपुरता मोहाच्या फुलांवर स्वतंत्र कायदा झाला. रानांत आपोआप गळून पडलेलें फूल वेंचून घरीं ठेवणें हा अपराध होऊं शकतो, ही कल्पना वारल्यास समजावून सांगणारा अंमलदार कोणत्या शब्दांत बोलला असेल याचें आम्हांस कुतूहल आहे.

येथें वाचक विचारील कीं कागद जर असे मुके आहेत तर या लोकांचा इतिहास लिहावा कशावरून? आमच्या मतें पहिलें साधन नांवें. 'पाडा' हा शब्दच पाहा. महसुली दप्तरांत गांव हा घटक आहे, पाडा नाहीं. पाडा गांवास चिकटलेला असतो, त्यास स्वतःचें दप्तर नसतें. म्हणून दप्तर चाळणाऱ्यास तो दिसत नाहीं. परंतु आरेच्या रानांत आजही २७ पाडे मोजले जातात आणि त्यांचीं नांवें बोलकीं आहेत. दामूचा पाडा, जीवाचा पाडा : येथें कोणी एक मूळपुरुष स्मरणांत आहे. चाफ्याचा पाडा, मोराचा पाडा : येथें झाड व पक्षी साक्षीदार आहेत. खडकपाडा, गांवदेवीपाडा, खांबाचा पाडा, केलटीपाडा. उद्यानाच्या बाजूस चिंचपाडा, रावणपाडा, तुमणीपाडा, नवापाडा. हीं नांवें कोणत्याही इजारदारानें दिलेलीं नाहींत कीं कोणत्याही इंजिनियरानें नकाशावर प्रथम लिहिलेलीं नाहींत. आरेस लागून असलेल्या वस्त्यांना अलीकडे जीं नांवें मिळालीं त्यांत पुढाऱ्यांचीं आहेत, देशांचीं आहेत, बांधकाम करणाऱ्यांनीं शोधलेलीं राजवाड्यांचींही आहेत. त्यांच्या शेजारीं 'मोराचा पाडा' हें नांव केवढें जुनें वाटतें!

दुसरें साधन देवता. वाघोबाचें ठाणें ज्या रानांत असतें तेथें माणूस व श्वापद यांच्यामध्यें कांहीं करार झालेला असतो असें समजावें. या डोंगरांतून पट्ट्याचा वाघ गेला, बिबट्या राहिला. आणि त्याच्या शेजारीं पिढ्यान्‌पिढ्या राहणारा वारली वाघबारशीस त्याला आपला भाग देतो. हिरवा, हिमाय, नारनदेव, धान्याची देवता कणसरी, यांच्यापैकीं एकीचेंही देऊळ पुराणवस्तु-खात्याच्या यादींत येण्याजोगें नाहीं. बहुधा झाडाखालीं शेंदूर लावलेला दगड अथवा कोरलेली फळी असते. कणसरीस दाखविल्यावांचून नवें धान्य तोंडीं घालावयाचें नाहीं हा नियम ज्या घरांत आहे, त्या घराचा जमिनीशीं संबंध किती दिवसांचा, हें कोणत्या उताऱ्यावरून ठरवावयाचें? लग्नांत भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक काढून त्यांत पालघट देवी बसवितात आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणीं म्हणते. त्या चित्रांचा आज दिवाणखान्यांतून व विमानतळांवरून फार बोलबाला झाला आहे; पण ज्या भिंतीवर तीं मूळ काढावयाचीं ती भिंत कोणाच्या जमिनीवर उभी आहे, असा प्रश्न त्या दिवाणखान्यांत कोणी विचारलेला आमच्या ऐकण्यांत नाहीं.

तिसरें साधन बाजार. पावसाळा लागला कीं गोरेगांव-बोरीवलीच्या स्टेशनाबाहेर पाड्यांवरील बाया टोपल्या मांडून बसतात. शेवळें, लोत, कोरल, टाकळा, कुळू. शेवळांबरोबर काकडाचीं आंबट फळें त्या वेगळीं देतात, कारण त्यांच्यावांचून शिजविलेल्या शेवळांनीं घसा खवखवतो. गिऱ्हाईक सुशिक्षित असलें तरी हें त्याला दर वर्षीं नव्यानें सांगावें लागतें. एवढ्याशा उपदेशांत रानाची किती पिढ्यांची ओळख सामावली आहे, तें वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनीं आम्हांहून अधिक जाणावें.

या वारल्यांचे उत्तरेकडील भाऊबंद डहाणू, उंबरगांव, तलासरी या बाजूस सावकार व जमीनदारांच्या वेठबिगारींत पिचत होते. त्यांच्याविषयीं सरकारी अधिकारी के. जे. सावे यांनीं इंग्रजींत लिहिलेलें पुस्तक १९४५ सालीं निघालें आणि त्याच सालीं गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं तेथें उठाव झाला. ती कथा महाराष्ट्रास ठाऊक आहे. साष्टींतील वारल्यांस असा इतिहासकार मिळाला नाहीं. त्यांची संख्या लहान, आणि त्यांच्या दाराशीं जें आलें तें जुलमाच्या वेषांत न येतां लोककल्याणाच्या वेषांत आलें.

तें म्हणजे दूध. मुंबई शहरांत दाट वस्तीच्या मध्यें म्हशींचे तबेले होते. घाण, भेसळ, आणि भाकड जनावरांची कत्तल यांस सीमा नव्हती. दारा खुरोडी या कर्तबगार अधिकाऱ्यानें हे तबेले शहराबाहेर नेण्याचें मनांत घेतलें व १९४९ पासून आरेची दुग्ध-वसाहत उभी राहूं लागली. ४ मार्च १९५१ रोजीं पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. क्षेत्र ३,१६२ एकर, ३२ गोठे, जनावरें सुमारें १६,०००, चाऱ्यासाठीं पॅरा गवताचीं हिरवीं शेतें. १९६३ सालीं खुरोडी यांस त्रिभुवनदास पटेल व कुरियन यांच्याबरोबर मॅगसेसे पारितोषिक मिळालें, तें योग्यच होतें. या वसाहतीनें शहरांतील लेकरांस चांगलें दूध पाजलें. तिच्याविषयीं कृतघ्न होण्याचें कारण नाहीं. परंतु आरे, सई, गुंडगांव, मरोशी, पासपोली, व्यारवली या गांवांचा जो प्रदेश तींत आला तो मोकळा नव्हता. ज्या उतारांवर पाडे भात-नाचणी पिकवीत, ताडी काढीत, गवत कापून विकीत, तेथें आतां दुग्ध-आयुक्तांची परवानगी लागूं लागली. पिढीजात कसणारा माणूस सरकारी जमिनीवरचा भाडेकरू झाला, किंवा गोठ्यावरचा मजूर झाला. म्हशींची संख्या वसाहतीच्या कोणत्याही माहितींत सहज सांपडते. पाड्यांची हुडकावी लागते. गोठ्यांस वीज व पाणी आलें तेव्हां हाकेच्या अंतरावरील कित्येक पाड्यांस तीं आलीं नाहींत, आणि पुढें कित्येक दशकें आलीं नाहींत.

योगायोग असा कीं त्याच १९५१ सालीं साष्टींतील इस्टेटींची साऱ्याची माफी रद्द करणारा कायदा झाला व त्या इस्टेटींतील पडीक जमिनी सरकारजमा झाल्या. इजारदार मोठाले होते. त्यांनीं न्यायालयें गाठलीं आणि त्यांच्या पडिकासंबंधींचे वाद वर्षानुवर्षें चालले. 'पडीक' म्हणजे काय, यावर विद्वान् वकिलांनीं केवढा खल केला असेल! पण त्या पडिकावर राहणारा माणूस त्या दाव्यांत पक्षकार नव्हता.

एकदां जमीन सरकारी झाली कीं ती देतां येते. १९७७ च्या सुमारास आरेंतून चित्रनगरी निघाली. राखीव पोलीस दलास जागा मिळाली. आणखीही संस्था आल्या. हबाळे पाड्यासारख्या वस्त्यांच्या शेजारीं चित्रपटांसाठीं खोटीं खेडीं उभारलीं जाऊं लागलीं आणि खऱ्या खेड्यास आपल्या झोपडीच्या दुरुस्तीस परवानगी मागावी लागली. हा विनोद आम्ही रचलेला नाहीं. उत्तरेकडे कृष्णगिरीचें लहानसें उद्यान वाढत वाढत सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें राष्ट्रीय उद्यान झालें. तें झालें नसतें तर या डोंगरांवर आज झाडही दिसलें नसतें, हें खरें. मात्र १९९७ सालीं उद्यानांतील अतिक्रमणें काढण्याचा आदेश उच्च न्यायालयानें दिला तेव्हां कालपरवां आलेल्या झोपडीवाल्यांबरोबर पाड्यांनाही आपण अतिक्रमण केलेलें नाहीं हें सिद्ध करण्याची पाळी आली.

आणि येथेंच शब्दांचा खेळ पराकोटीस पोंचतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानें आदिवासींच्या रानावरील जुन्या हक्कांस मान्यता दिली, पण ती वनजमिनीवर. आरे हें वन आहे काय? मेट्रोच्या गाड्यांच्या आगारासाठीं झाडें तोडण्याचा वाद उच्च न्यायालयांत गेला, तेव्हां ४ ऑक्टोबर २०१९ रोजीं आरेस वन ठरविण्याची मागणी न्यायालयानें अमान्य केली, आणि त्या रात्रीपासून दोन हजारांहून अधिक झाडें पडलीं. ७ तारखेस सर्वोच्च न्यायालयानें तोड थांबविली. पुढें २०२० सालीं आरेचा सुमारें ८०० एकर भाग राखीव वन करण्याचें सरकारनें जाहीर केलें. म्हणजे उत्तरेस जें रान आहे तेथें पाडेकरी रानांत शिरलेला ठरतो, आणि दक्षिणेस तोच पाडेकरी उभा असलेली जागा रान नसल्यामुळें त्याला रानाचा हक्क नाहीं. एकाच डोंगराच्या दोन उतारांवर दोन व्याख्या.

आमच्याच देशांत असें घडतें असें मात्र समजूं नये. ज्या १८२९ सालीं पवईचा इजारा झाला त्याच सालीं ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागांत स्वान नदीच्या कांठीं इंग्रजांनीं वसाहत केली. तो सर्व मुलूख नूंगार लोकांचा; जारा व कारी या उंच वृक्षांचीं तेथें रानें. 'कोणाचीही नसलेली भूमि' या तत्त्वाखालीं ती राजाची झाली. रानाच्या कडेच्या कितीएक वस्त्यांच्या नांवांच्या शेवटीं 'अप' हा प्रत्यय आहे : मंजिमप, नानप, बॅलिंगप. त्याचा अर्थ नूंगार भाषेंत 'ठिकाण'. आमच्या 'पाडा' प्रमाणेंच, माणसें विसरलीं तरी प्रत्यय विसरला गेला नाहीं. १९९२ सालीं माबो खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें तें 'निर्जन भूमी'चें तत्त्व टाकून दिलें; २००६ सालीं एका न्यायाधीशानें पर्थ शहराच्या परिसरावरही नूंगारांचा मूळ हक्क टिकून आहे असें ठरविलें, तो निर्णय २००८ सालीं वरच्या न्यायपीठानें फिरविला; २०१६ सालीं पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विधिमंडळानें नूंगारांस त्या भूमीचे परंपरागत धनी म्हणून कायद्यानें मान्यता दिली, आणि २०२१ सालीं तडजोडीचा अंमल सुरू झाला. तडजोडीनें सर्वांचें समाधान झालें असें नाहीं. पण एखाद्या चार घरांच्या वस्तीची माहिती लिहितांना क्षेत्रफळ व लोकसंख्या यांबरोबर 'ही नूंगारांची परंपरागत भूमि' एवढें वाक्य तेथें आतां लिहिलें जातें. मुंबई उपनगर जिल्ह्याच्या कोणत्या नोंदींत मरोशी किंवा सई यांच्यापुढें असें वाक्य लिहिलें जाईल?

आमच्याकडे उलट पाडेकऱ्याकडूनच कागद मागितला जातो. जमातीच्या दाखल्यासाठीं ६ सप्टेंबर १९५० च्या पूर्वींचा पुरावा हवा. घराच्या पुनर्वसनासाठीं झोपडपट्टीच्या नियमांप्रमाणें १९९५ किंवा २००० सालचा हवा. पहिला पुरावा देतां येत नाहीं, कारण त्या वेळीं त्यास कोणी कागदच दिला नाहीं. दुसरा दिला तर तो स्वतःस झोपडपट्टीवाला म्हणवून घेतो. दाखला देणाऱ्या कारकुनाचा यांत दोष नाहीं. त्याच्यापुढील छापील तक्त्यांत चाफ्याच्या झाडाचा, वाघोबाच्या दगडाचा अथवा आजीच्या स्मरणाचा रकाना नाहीं. असा रकाना काढावा कसा, साक्ष कोणाची घ्यावी, नांवें कशीं पडताळावीं, हें काम खरें पाहतां इतिहासाच्या विद्यार्थ्यांचें आहे. आमच्या उपनगरांतील महाविद्यालयें या पाड्यांपासून तासाभराच्या वाटेवर आहेत. दरवर्षीं त्यांतून पेशव्यांच्या पत्रांवर व मौर्यांच्या शिलालेखांवर निबंध लिहिले जातात. पाड्यांतील म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणांतील सीमा, देवस्थानें व जुन्या दळ्यांच्या जागा नकाशावर उतरविण्यास एक पिढी उरली आहे, फार तर दीड.

मेट्रोच्या आगारासाठीं जी जागा गेली तिचीं महसुली नांवें प्रजापूर व व्यारवली अशीं आहेत. प्रजापूर पाड्यावरील कुटुंबें २०१७ च्या सुमारास अंधेरीकडील पुनर्वसनाच्या इमारतींत नेण्यांत आलीं. त्यांच्या भाताच्या व भाजीच्या वाड्या गेल्या, फणस-आंब्याचीं झाडें गेलीं. २०२४ च्या ऑक्टोबरांत त्या मार्गावर गाड्या धांवूं लागल्या आणि पुढल्या ऑक्टोबरांत त्या थेट दक्षिण मुंबईच्या टोकापर्यंत जाऊं लागल्या. आरंभीच्या स्टेशनाच्या पाटीवर 'आरे' आहे व त्यापुढें एका रस्त्याच्या नांवाचीं इंग्रजी आद्याक्षरें आहेत. प्रजापूर हें नांव सर्व्हे नंबरापुढें तेवढें शिल्लक आहे.